जुळ्यातली उरलेली गाडी

वेस्टबी, विस्कॉन्सिन
६ जून १९७९

प्रिय डेल,

दोन वर्षांत माझं पत्र नाही, म्हणून हे उघडताना तुला वाटेल की कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही.

मारित तेवीस वर्षांची झाली. शर्यतीचा परवाना तिनं दोन वर्षांपूर्वीच काढला. तुला कळवलं नाही, कारण मला वाटलं खूळ आहे, जाईल. गेलं नाही. दिवसभर ती ट्रॅक्टर दुरुस्त करते आणि रविवारी कुणाची तरी गाडी मागून पळवते. पेडलवर पाय बापासारखे, रॉइससारखे टाकते. भाऊ गेल्यावर त्याची मुलगी मी वाढवली, पण हे मी शिकवलेलं नाही.

१८ ऑगस्टला लोन एल्मच्या रस्त्यावर जुन्या सेडानची शर्यत आहे. फक्त आपल्या त्या पाच-सहा वर्षांतल्या गाड्या. लोकांना आता त्या गाड्यांची आठवण येऊ लागली आहे, म्हणजे आपण म्हातारे झालो. मारितला आमच्या जुन्या गोठ्यातली गाडी न्यायची आहे. तुझी सतरा नंबरची. संघ मोडला तेव्हा मालक व्हॉसनं ती आमच्याकडे पोचती केली होती. "रॉइसच्या सोळा नंबरची जुळी आहे, घरच्यांकडे असू द्या," म्हणाला होता.

ज्या टेकडीखालच्या वळणावर तिचा बाप गेला, त्याच रस्त्यावर. मी नाही म्हणून पाहिलं. मग म्हणायचं थांबले.

ही गाडी शेवटची तू चालवलीस. तिच्याबद्दल जे तुला ठाऊक आहे ते मारितसाठी लिहून पाठव. कुठल्या वळणाला कशी वागते, ब्रेक कसे, कशाला जपायचं. रॉइस असता तर त्यानं सांगितलं असतं.

फोन करू नकोस. आमच्या फोनच्या लाईनवर अजून तीन घरं आहेत, आणि शेजारची मिसेस ओल्सगार्ड चोरून ऐकता ऐकता खोकते.

तुझी,
आर्डिस


पासो रोब्लेस, कॅलिफोर्निया
१९ जून १९७९

प्रिय आर्डिस,

पत्र मिळालं. तुमचं सगळं ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. मी अजून टायरचं दुकानच चालवतो. गुडघा थंडीत दुखतो, आणि इथे थंडी नसते, म्हणून ठीक.

मारितला मी शेवटचं पाहिलं ते रॉइसच्या दफनाच्या दिवशी. चौदा वर्षांची होती. तिनं मला विचारलं होतं, "डेलकाका, तुम्ही पुढे होतात, मग तुम्हाला आवाज आला का?" मी नाही म्हणालो. इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही.

गाडी चांगली होती. त्यापलीकडे लिहिण्यासारखं फारसं नाही. पण नऊ वर्षं गोठ्यात उभी राहिलेली गाडी म्हणजे गाडी नव्हे. रबर सुकतं, नळ्या आतून सडतात. मारितला म्हणावं, दुसरी एखादी बघ. त्या काळातल्या पुष्कळ आहेत.

तिला बापाचं काही सांगायचं असेल तर हे सांग. त्या गाड्यांची फरशी इतकी तापायची की बुटाचे तळ वितळायचे. रॉइस बुटात कोबीची पानं घालून बसायचा. तुझ्याच शेतातली. शर्यत संपली की बूट काढून पानं बाहेर ओढायचा आणि मला म्हणायचा, "शिजली बघ. मीठ आण."

सर्वांना नमस्कार.

डेल


वेस्टबी
२८ जून १९७९

प्रिय डेल,

कोबीचं वाचून मी पुष्कळ हसले. मग लक्षात आलं की मी विचारलं होतं ते तू सांगितलंच नाहीस. मारित म्हणाली, "आत्या, हे काका नेहमीच असं बोलतात, की पेट्रोल वाचवतायत?"

नळ्या तिनं सगळ्या बदलल्या. ब्रेक उघडले, इंजिन उतरवून परत बसवलं. मंगळवारी गाडी सुरू झाली तेव्हा गाई दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. मीही गोठ्याबाहेर आले. तो आवाज मी नऊ वर्षांत ऐकला नव्हता. मारित आत बसली होती आणि काचेतून तिचं फक्त कपाळ दिसत होतं. ते कपाळ तिचं नाही.

एक विचारते. गाडीला गंज कुठेच नाही, पण छताच्या कडेला आणि दारांच्या सांध्यांवर रंगाला फोड येतात. फोडले की पाणी निघतं. मी ते पुसते. आठवड्यानं परत तिथेच येतात. दमट हवेत जास्त. मारित म्हणते रंग वाईट होता. पुसताना हाताला किंचित चुरचुरतं.

दुसरं. संघातल्या डॉटीची फेऱ्यांच्या वेळांची वही माझ्याकडे आहे. त्या शेवटच्या शर्यतीला मी आले नव्हते, म्हणून घड्याळ तिनं धरलं होतं. परवा मी ती पहिल्यांदा उघडली. वर्षभराच्या माझ्या वह्यांत रॉइस तुझ्या पुढे आहे, दर फेरीला थोडासा. त्या शनिवारी सरावात मात्र तू त्याच्यापेक्षा दीड सेकंद पुढे. प्रत्येक फेरीला. तुला काय सापडलं होतं? मारितला तेवढंच सांगितलंस तरी चालेल.

आर्डिस


पासो रोब्लेस
१४ जुलै १९७९

प्रिय आर्डिस,

उत्तराला उशीर झाला. दुकानात गर्दी होती.

दीड सेकंदाचं म्हणशील तर त्या शनिवारी मला चांगले टायर मिळाले होते. कधीकधी मिळतात.

मी विचार केला. ती गाडी मी विकत घेतो. मारितला दुसरी तयार सेडान घेता येईल इतके देतो, वर ट्रेलर पाठवून इथून माणूसही पाठवतो. मी ती वापरणार नाही. दुकानामागे ठेवीन. माणसाला आपली जुनी गाडी हवीशी वाटते, तसंच समज.

पण लगेच कळव. आणि तोवर ती बाहेर काढू नका. फोड पुसू नकोस. पुसायचेच असतील तर हातमोजे घाल.

डेल


वेस्टबी
२२ जुलै १९७९

डेल,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. राग आला, मग वाईट वाटलं. नऊ वर्षं ती गाडी इथे आहे आणि तू एकदाही पाहायला आला नाहीस. आता मुलीनं तिच्यात जीव घातला, तर तुला ती दुकानामागे हवी.

विकणार नाही. का, ते सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी रॉइसचा फोन आला होता. मी शर्यतीला नसले की शनिवारी करायचा तो. मी धारा काढून तशीच आत आले होते, हात न धुता. तो मारितला बोलाव म्हणाला. मी बोलावलं नाही. म्हटलं, "आधी माझं ऐक. आई तिला सोडून गेली, तू महिन्यातून दोन दिवस दिसतोस. हे वर्ष शेवटचं. पुढच्या वर्षी गाडीत बसलास तर पोरीला भेटायला इकडे येऊ नकोस." तो म्हणाला, "बरं." फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी अकराव्या फेरीला तो सरळ मातीच्या बांधावर गेला. रस्ता कोरडा, गाडी धड, रॉइससारखा माणूस. तपासणाऱ्यांनी लिहिलं, चालकाचं लक्ष विचलित झालं असावं.

कशामुळे, ते मला ठाऊक होतं. अजूनही फोन वाजला की मी आधी हात धुते.

मी तिचा बाप तिच्यापासून तोडायला निघाले होते, आणि तुटला. म्हणून तिला ती गाडी नाकारायचा हक्क मला नाही. त्याच्या गाडीची जुळी, तितकं तरी तिला मिळू दे.

येत्या रविवारी, २९ तारखेला, ती विरोक्वाच्या विमानपट्टीवर गाडी पूर्ण वेगानं पळवून बघणार आहे. तू काही सांगणार नसशील तर नको सांगू. ती शिकेल.

आर्डिस


तार
पासो रोब्लेस, २७ जुलै १९७९

रविवारी गाडी चालवू देऊ नकोस. कुठेच नको. कारण पत्रात. चावी तुझ्याकडे ठेव. डेल


पासो रोब्लेस
२७ जुलै १९७९

आर्डिस,

ती गाडी जुळी नाही.

सत्तरच्या वसंतात व्हॉसनं गाडीचा एक कोरा सांगाडा ॲसिडच्या हौदात बुडवून आणला. तेव्हा ते चालायचं. शर्यतीच्या नियमानं ठरलेल्या वजनाच्या खाली जायचं आणि पकडलं जायचं नाही, हाच त्या वर्षांचा अर्धा खेळ होता. पत्रा ॲसिड खातं. किती वेळ बुडवायचं याचा अंदाज असतो. व्हॉसच्या माणसांनी जास्त वेळ ठेवला. तयार झालेली गाडी सोळा नंबरपेक्षा दोनशे पौंड हलकी होती. कोपर टेकलं तर छताला खळगा पडायचा.

ती लोन एल्मला पहिल्यांदा उतरली. शुक्रवारी सकाळी रॉइसची गाडी सोळा म्हणून वजनाच्या काट्यावर चढवली. मग तंबूत आणून तिचेच आकडे बदलले आणि दुपारी तीच गाडी सतरा म्हणून परत चढवली. तपासनिसानं एकाच टपावर दोनदा थाप मारली. रॉइस शनिवारी सकाळी पोचला. हे तीन माणसांना ठाऊक होतं. व्हॉस, मिस्त्री लेस्टर आणि मी. लेस्टर वारला. व्हॉस कुठे आहे ते मला माहीत नाही.

रॉइसला सांगायचं नाही असं मीच म्हणालो. पुढच्या वर्षी व्हॉसकडे एकच जागा होती, जो वेगवान त्याला. रॉइस माझ्यापेक्षा वेगवान होता. तुझ्या वह्यांत आहेच.

शनिवारी संध्याकाळी आम्ही मोटेलच्या आवारात खुर्च्या टाकून बसलो. एका संघातले चालक आदल्या संध्याकाळी एकमेकांना ब्रेकच्या खुणा सांगतात, हे तुला माहीत आहे. त्यात खोटं बोलायचं नसतं. टेकडी उतरताना कुंपणाचे पांढरे खांब लागतात. रॉइसनं विचारलं, "टेकडीखाली तू कुठे मारतोस रे? मी दुसऱ्या खांबाला मारतो, तरी तू निसटतोस."

"तिसऱ्याला."

"तिसऱ्याला? आणि थांबते?"

"माझी थांबते. तुझं वय झालं, म्हातारबुवा. जा, गाई राख."

तो हसला. म्हणाला, "उद्या बघ म्हातारबुवा काय करतो."

मी खरं सांगितलं होतं. तिसरा खांब हीच माझी खूण होती. हलक्या गाडीची. त्याची जड गाडी तिथून थांबणार नव्हती. त्या संध्याकाळी मी खोटं बोललो असतो तर तो वाचला असता.

मग तो तुला फोन करायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात बिअरच्या दोन बाटल्या होत्या. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आर्डिसनं दम भरलाय. हे वर्ष शेवटचं. बरं झालं. मी स्वतःहून सोडलं नसतं, कोणीतरी म्हणायलाच हवं होतं. व्हॉसला उद्या सांगतो, जागा तुझी." एक बाटली मला दिली. आर्डिस, तो हलका झाला होता. मारितला घोडा घ्यावा की नको यावर अर्धा तास बोलला.

तेव्हा लपवायचं कारणच उरलं नाही. जागा माझी झाली होती. तरी मी सांगितलं नाही. आता सांगायचं म्हणजे आधी का लपवलं तेही सांगावं लागलं असतं. मी बिअर प्यायलो.

रविवारी अकराव्या फेरीला तो माझ्यामागे होता. आरशात त्याची गाडी भरून दिसत होती. दुसरा खांब गेला. तो मागे पडला नाही. तिसऱ्याला मी ब्रेक मारला, आणि त्यानंही मारला असणार, त्याच क्षणी, कारण मी सांगितलं होतं. मी वळलो. आरसा रिकामा झाला.

मी दुसरा आलो. गाडी तपासायला कोणी मागितली नाही. त्या दिवशी आमच्या तंबूकडे कोणी बघत नव्हतं.

मारितला मी आवाज आला नाही असं सांगितलं होतं, ते खरं आहे. टेकडी उतरताना आजही, बायकोला बाजारात नेतानाही, माझा पाय फार आधी ब्रेकवर जातो. ती विचारते काय दिसलं. मी म्हणतो कुत्रं.

आता गाडीचं. तिच्या आत चालकासाठी नळ्यांचा जो पिंजरा आहे, त्याचे पाय त्याच खाल्लेल्या फरशीवर जोडलेले आहेत. गाडी उलटली तर पिंजरा खाली भोसकून जाईल आणि छत मारितवर येईल. तू पुसतेस ते पाणी नाही. सांध्यांत अडकलेलं ॲसिड आहे. ते धुऊन काढलंच नव्हतं. नऊ वर्षं ते आत खातं आहे.

तुझ्या फोनचा यात काही संबंध नाही. हे मी नऊ वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. तुला तसं काही वाटत असेल हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर लिहिलं असतं का, ते मला सांगता येत नाही.

डेल


वेस्टबी
७ ऑगस्ट १९७९

डेल,

तार शुक्रवारी आली. मारित तेव्हा गाडी ट्रेलरला बांधत होती. मी चावी काढून घेतली आणि कारण सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवणाच्या टेबलावर मीठसुद्धा उठून घ्यायची.

पत्र आल्यावर मी तिला ते पूर्ण वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. तिनं अर्ध्यावर थांबवलं नाही. संपल्यावर ती गोठ्यात गेली, मी मागून गेले. तिनं छतावर अंगठा टेकवला. खळगा पडला. मग आत शिरून पिंजऱ्याचा पुढचा पाय दोन्ही हातांनी धरून हलवला. हलला. ती बाहेर आली. दुसऱ्या दिवशी लोखंड कापायची गॅसची ज्योत आणून तिनं गाडीचे चार तुकडे केले. मी गाई लांबच्या कुरणात नेल्या होत्या.

माफीचं तू काही लिहिलं नाहीस. बरं केलंस.

शनिवारच्या त्या अर्ध्या तासाचं मात्र मी परत परत वाचते. घोड्याचं. फोन ठेवून तो खूश झाला होता, हे तुझ्याजवळ नऊ वर्षं होतं. बाकी सगळं तू स्वतःसाठी लपवलंस, ते मला समजतं. हे तर माझं होतं. ते तू माझ्याकडे टपालानं पाठवू शकला असतास, एका ओळीत, बाकी काही न सांगता.

मारित १८ तारखेला उतरणार आहे. मॅडिसनचा एक माणूस तिला आपली सेडान देतो. पुऱ्या वजनाची. तिनं स्वतः धान्याच्या काट्यावर नेऊन तोलली, दोनदा. मी अडवलं नाही.

तिला तुझ्याकडून एक हवं आहे. शुक्रवारी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, लोन एल्मला ये आणि टेकडीखालच्या त्या वळणापर्यंत तिच्याबरोबर पायी चाल. मी म्हटलं, "आले नाहीत तर?" ती म्हणाली, "मग एकटी चालेन. पण त्यांनी यावं."

मी येणार नाही. तुला भेटायचं नाही म्हणून नव्हे. धारा कुणी काढायच्या.

आर्डिस


पासो रोब्लेस
२० ऑगस्ट १९७९

आर्डिस,

शर्यतीचं मारितनं सांगितलं असेल. सातवी आली. मी टेकडीखाली कुंपणाबाहेर उभा होतो. दर फेरीला तिनं दुसऱ्या खांबाला ब्रेक मारला. तिथे दोन गाड्या तिला ओलांडून गेल्या, तरी पुढच्या फेरीला दुसऱ्याच खांबाला.

शुक्रवारचं तिनं सांगितलं नसेल.

मी दुपारी पोचलो. तिनं नमस्कार केला नाही, नावही घेतलं नाही. "चला," म्हणाली. आम्ही टेकडी उतरून खाली आलो. मातीचा बांध आता नाही. तिथे गवत आहे आणि लोकांना बसायला बाकं. खांब मात्र तेच आहेत, फक्त रंग नवा.

दुसऱ्या खांबापाशी ती थांबली. "बाबा आधी इथे मारायचे?"

"हो."

"आणि तुम्ही तिथे."

"हो."

"मग इथेच उभे राहा."

मी उभा राहिलो. ती तिसऱ्या खांबाकडे चालत गेली, साधी पावलं टाकत, मोठ्यानं मोजत. तिथे पोचून तिनं खांबावर हात ठेवला आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

बारा पावलं, आर्डिस. मला इतकी वर्षं वाटत होतं की जास्त असतील.

डेल